वाघिणीची घडण: बोरघाट, बार्शी आणि न्हावा शेवा

रेल्वेवर लिहिणारे बहुतेक जण इंजिनांच्या प्रेमात असतात. मालडब्याकडे कुणी वळून पाहत नाही. तरीही जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सह्याद्री चढून वऱ्हाडात गेली ती कापसासाठी, आणि कापूस मुंबईला आणला तो मालडब्याने. इंजिन ओढते, कमाई डबा करतो. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मालडब्यांची, म्हणजे वाघिणींची, जी वेगवेगळी घडण होत गेली, तिचा आढावा घ्यावासा वाटतो. नवी मुंबईत बसून तो घ्यायला आणखी एक कारण आहे. कळंबोलीला पोलाद उतरते, तुर्भ्याला पोती उतरतात आणि जासईवरून न्हावा शेवाकडे कंटेनर जातात. प्रत्येक मालाचा डबा वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणाची मुळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या निर्णयांत सापडतात.

गंमत अशी, की ते निर्णय झाले तेव्हा हा सगळा टापू रेल्वेच्या नकाशावर नव्हता. पनवेल-उरणचे मीठ आणि भात खाडीतून मचव्यांनी मुंबईला जात असे. दिवा–पनवेल मार्ग आला १९६०च्या दशकात आणि मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. जुन्या वाघिणींची कहाणी खाडीपलीकडे, घाटात आणि देशावर घडली.

शतकाच्या आरंभी जगात मालडब्यांचे दोन मोठे संप्रदाय होते. इंग्लंडमध्ये दोन आसांचा, चार चाकांचा, दहा-बारा टन माल घेणारा लाकडी डबा सर्वत्र होता. तिथल्या कोळशाच्या कितीतरी वाघिणी खाणमालकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या असत. खाणीवरचे कोळसा भरायचे सांगाडे, काटे, सायडिंगची वळणे हे सारे त्या छोट्या डब्याच्या मापाने बांधलेले होते. मोठा डबा आणायचा तर ते सगळे मोडून नवे करावे लागले असते आणि तो खर्च रेल्वे कंपनीचा नव्हता. अमेरिकेत अंतरे प्रचंड, माल ठोक आणि रूळ पुष्कळ ठिकाणी ओबडधोबड. तिथे आठ चाकांचा डबा रूढ झाला. त्याच्या दोन्ही टोकांखाली दोन-दोन आसांचा एकेक फिरता गाडा, म्हणजे बोगी, असे. बोगी वळणावर स्वतंत्रपणे वळते आणि खालीवर असलेल्या रुळांवर भार सारखा वाटून घेते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि १९१८ मध्ये मालडब्यांचे प्रमाण नमुने काढले, तेव्हा त्यांतला बंदिस्त डबा ४० आणि ५० टनांचा होता. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये वीस टनांची वाघीण हीच मोठी सुधारणा वाटत होती.

आपल्याकडे रूळ या दोघांहून रुंद. पाच फूट सहा इंचांचा ब्रॉडगेज इंग्लिश गेजपेक्षा साडेनऊ इंचांनी मोठा आहे. एवढ्या रुंद पायावर अमेरिकेहूनही मोठा डबा सहज उभा राहिला असता. पण कंपन्या लंडनच्या, अभियंते इंग्लिश आणि कारखानेही तिकडचेच. त्यामुळे चौचाकी वाघीणच आली आणि ती अंगाने तेवढी थोराड झाली. महायुद्धानंतरच्या प्रमाण नमुन्यांत आसामागे १६ टन भार धरला जाई. म्हणजे दोन आसांवर एकूण ३२ टन. त्यातून डब्याचे स्वतःचे वजन वजा केले की वीस-बावीस टन माल उरे. इंग्लिश वाघिणीच्या जवळजवळ दुप्पट आणि अमेरिकी डब्याच्या साधारण निम्मी, अशी ही मधली जात झाली.

केवळ अनुकरण म्हणून ती निकालात काढता येत नाही. अकोल्याच्या किंवा लातूरच्या अडत्याचा माल एका वाघिणीपुरता असे आणि दर, हिशेब, पावती असे सगळे व्यवहार वाघिणीवर चालत. लहान स्टेशनातल्या एका सायडिंगवर दोन-चार डबे उभे राहिले तरी पुरे. माल पोत्यांत, आणि पोते हमालाच्या पाठीवर. अमेरिकेतला किंवा इंग्लंडच्या ईशान्येकडचा तळातून कोळसा सोडणारा हॉपर डबा आपल्याकडे फार काळ दुर्मीळ राहिला, कारण माल आपोआप खाली पडावा अशी गरजच कुणाला भासली नाही. हमाली स्वस्त होती. वाघिणीच्या दाराची रुंदी आणि तळाची उंची मालधक्क्यावरून पोते घेऊन थेट आत जाणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरली. त्याच्या पाठीचा विचार मात्र कुठल्याच नकाशात नव्हता. पाठीवरच्या या कष्टाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९६९च्या माथाडी कायद्याने.

एका बाबतीत मात्र हिंदुस्थानी वाघीण दोन्ही संप्रदायांच्या पुढे होती. तिचे अंग लोखंडाचे होते. अमेरिकेत फळ्यांचे डबे, खाली ताण देणाऱ्या लोखंडी सळया, हा प्रकार नव्या शतकातही चालू होता. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेचा एक्स-२९ हा गाजलेला पोलादी बंदिस्त डबा १९२४ पासून मोठ्या संख्येने बांधला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये तर उघडी लाकडी वाघीण आणि वर ताडपत्री, एवढ्यावर बहुतेक माल निभावत असे. आपल्याकडे उन्हाने फळ्या तडकतात, पावसाने फुगतात, वाळवी लागते आणि इंजिनाच्या ठिणगीने कापूस पेटतो. म्हणून लोखंडी पत्र्याचा, कमानी छपराचा बंदिस्त डबा इथे लवकर रूढ झाला. कपाटासारखी बाहेर उघडणारी दुहेरी दारे, त्यांना आडणा आणि शिशाचे सील. त्याची किंमतही मोजावी लागे. वैशाखात आत भट्टी आणि दमट हवेत तळाच्या कोपऱ्यांना गंज. मिठाची वाहतूक करणाऱ्या डब्यांचे पत्रे तर पाहता पाहता चाळणी होतात.

माल कोणता यावरही घडण अवलंबून होती आणि महाराष्ट्रात त्याची दोन टोके होती. वऱ्हाडातला कापूस हलका आणि फुगीर. तो जसाच्या तसा भरला तर डबा भरतो पण वजन होत नाही. म्हणून खामगाव-अमरावतीच्या बाजूला जिनिंगबरोबर प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. गासडी दाबून ३९२ पौंडांची केली की तीच वाघीण कितीतरी अधिक रुई नेऊ लागे. हा वाघिणीत न केलेला बदल होता, पण परिणाम वाघीण मोठी केल्यासारखाच. दुसऱ्या टोकाला नागपूर-भंडाऱ्याचे मॅंगनीज. ते इतके जड की डबा निम्मा भरण्याआधीच भारमर्यादा संपे. त्याला उंच भिंतींची गरज नव्हती, कणखर तळाची आणि भक्कम आसांची होती. कापसाला जागा हवी, खनिजाला ताकद. एकाच नमुन्याची वाघीण दोन्हीला वापरली तर एकीकडे हवा वाहून न्यायची आणि दुसरीकडे बिनकामाच्या पत्र्याचे वजन.

आता घाट. सपाटीवरच्या देशांत मालडब्याचा ब्रेक हा दुय्यम विषय ठरू शकतो, आपल्याकडे तो जिवाचा होता. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. दोन्हींचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १. बोरघाटात तर १९२९ पर्यंत गाडीला मध्येच थांबून दिशा उलटावी लागे. त्या काळच्या मालडब्यांना सलग, म्हणजे सगळ्या डब्यांना एकदम लागणारा, ब्रेक नव्हता. डब्याच्या बाजूला दांडा असे आणि उतरणीच्या आधी माणसांनी एकेका डब्याचा दांडा दाबून अडकवायचा. त्याशिवाय ब्रेकव्हॅनमधल्या माणसांचे हात आणि इंजिनाचा जोर. जीआयपीने १८६२च्या सुमारास घाटासाठी शार्प स्टुअर्टकडून आणलेल्या टाकीच्या इंजिनांना थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेक होते. एवढे करूनही सुटलेली गाडी थोपवायला चढत्या सायडिंग बांधाव्या लागल्या. सांधा नेहमी त्या सायडिंगकडेच लावलेला असे. गाडी थांबली, ताब्यात आहे अशी खात्री झाली, तरच मुख्य मार्ग मोकळा. कर्जत-लोणावळ्यामधला हा शिरस्ता आजही टिकून आहे.

सलग ब्रेकचे दोन मार्ग होते. अमेरिकेने वेस्टिंगहाऊसचा हवेच्या दाबाचा ब्रेक घेतला. १८९३च्या कायद्याने तो आणि आपोआप जुळणारे कपलिंग सक्तीचे केले, कारण डबे जोडताना बोटे आणि जीव गमावणाऱ्या कामगारांची संख्या भयंकर होती. आपल्या कंपन्यांनी निर्वात ब्रेक निवडला. इंजिन नळीतून हवा ओढून घेते आणि हवा आत सोडली की ब्रेक लागतो. घडण सोपी आणि नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागतो. पण निर्वाताची ताकद वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे सिलिंडर मोठे लागतात, आणि लांब गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोहोचायला वेळ लागतो. हवेच्या ब्रेकमध्ये त्याच्या कित्येक पटींचा दाब वापरता येतो. माझ्या मते चौचाकी डब्यापेक्षाही हीच निवड पुढे अधिक महाग पडली. डबा बदलता येतो. ब्रेक बदलायचा तर एकमेकांना जोडले जाणारे सगळेच डबे बदलावे लागतात.

कपलिंगचेही तेच. दोन बाजूंना बफर, मध्ये आकडा आणि पिळाचे कपलिंग. ते लावायला माणसाने बफरांच्या खालून दोन डब्यांमध्ये शिरायचे. शंटिंगच्या या कामात किती जण चिरडले गेले असतील याचा विचार जुन्या यार्डांची छायाचित्रे पाहताना मनातून जात नाही. शिवाय त्या आकड्याच्या ताकदीने गाडीचे वजनही बांधले गेले. १९२८ पासून घाटासाठी विजेची दमदार मालइंजिने आली, कामगार ज्यांना खेकडे म्हणत. इंजिन ओढू शकते, पण आकडा सोसत नाही, ही अडचण पुढची अनेक वर्षे कायम राहिली.

या सगळ्याच्या अगदी उलट घडण महाराष्ट्रातच सोलापूर जिल्ह्यात झाली होती, आणि मला ती या आढाव्यातली सर्वांत मोलाची वाटते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फूट गेजचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. कॅलथ्रॉपने सुरुवात डब्यापासून केलीच नाही. त्याने आधी आसामागे ५ टन ही मर्यादा ठरवली. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, एकही आस त्याहून जास्त भार देणार नाही. मग त्या भाराला पुरेल असा यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ निवडला. एका आसावर जास्त भार देता येत नाही तर आसांची संख्या वाढवा, हे त्याचे सूत्र. म्हणून वाघिणी बोगीच्या, चार आसांच्या, सुमारे २५ फूट लांब आणि सात फूट रुंद. रुळांच्या जवळजवळ तिप्पट रुंदीचा डबा! कीटसनकडून आलेल्या इंजिनांनाही त्याच कारणाने चाके जास्त होती.

खालच्या सांगाड्यात त्याची खरी हुशारी होती. लीड्स फोर्ज या कारखान्याने पोलादाचा पत्रा गरम करून दाबून हव्या त्या आकाराचे भाग बनवायचे तंत्र आणले होते. जाडजूड तुळया रिबिटांनी जोडण्याऐवजी जिथे ताण अधिक तिथे भाग खोल आणि जिथे कमी तिथे उथळ. ताकद तीच, वजन कमी. डब्याचे वजन जेवढे वाचेल तेवढा माल वाढतो, कारण ५ टनांची रेघ पक्की. मालाच्या वेगवेगळ्या डब्यांना सांगाडा एकच, त्यामुळे सुटे भाग मोजकेच लागायचे. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून कॅलथ्रॉपने हे सगळे जाणकारांना चालवून दाखवले. पुढे ही लाइन पंढरपूरला १९०६ मध्ये, लातूरला १९११ मध्ये आणि मिरजेला १९२७ मध्ये पोहोचली. इंग्लंडमधल्या लीक आणि मॅनिफोल्ड लाइट रेल्वेवर त्याने १९०४ मध्ये आणखी एक युक्ती केली. मोठ्या गेजची अख्खी वाघीण पाठीवर घेणारा छोट्या गेजचा गाडा! माल उतरवून भरायचा त्रासच नाही.

हा त्रास आपल्याकडे फार मोठा होता. महाराष्ट्रात तीन गेज एकमेकांना भिडत. कुर्डुवाडीला अडीच फुटी आणि ब्रॉडगेज, मनमाडला निजामाची मीटरगेज आणि ब्रॉडगेज, मिरजेला मीटरगेज आणि पुढे बार्शी लाइट. प्रत्येक ठिकाणी पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात. गळती, चोरी, पावसात भिजणे, दिरंगाई. दोन वाघिणींचे माप जुळत नसे, त्यामुळे एक भरून दुसरी अर्धी राही.

मग मोठ्या रेल्वेने बार्शीचा धडा का घेतला नाही? अज्ञान म्हणावे तर कुर्डुवाडीला जीआयपीची गाडी आणि बार्शीची गाडी शेजारी उभी राहत होती. माझा कौल असा आहे की बार्शीची वाघीण फक्त बार्शीच्या रुळांवर फिरणार होती, म्हणून ती सर्वोत्तम होऊ शकली. जीआयपीची वाघीण शेजारच्या बीबीसीआय रेल्वेच्या, निजामाच्या आणि थेट पंजाब-बंगालच्या रुळांवर जाणार होती. सर्वांत दुबळा पूल, सर्वांत आखूड सायडिंग, सर्वांत जुना काटा या सगळ्यांना चालेल तीच वाघीण देशभर फिरू शकते.

हे फिरणे सुरळीत व्हावे म्हणून १९०३ मध्ये इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन स्थापन झाली. दुसऱ्याची वाघीण आपल्याकडे किती दिवस ठेवली तर किती भाडे, मोडली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, जंक्शनवर तपासणी कशी, याचे नियम तिने घातले. त्यातून एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडली. चाक, आस, आसपेटी, बफर, आकडा, ब्रेक हे भाग सारखे होत गेले, कारण डबा परक्या यार्डात बिघडला तर तिथल्या कामगाराला सुटा भाग हाताशी हवा. फरक उरला तो अंगात. भिंतीची उंची, छपराची कमान, दार आणि पत्र्यावर रंगवलेली कंपनीची अक्षरे यांवरून डबा कुणाचा ते ओळखू येई. जुन्या वाघिणी अभ्यासायच्या तर छायाचित्रात आधी अंगाकडे पाहावे, तारखेचा माग मात्र चाकाजवळ काढावा.

वाघिणी आणायच्या कुठून, हाही प्रश्न होता. बहुतेक विलायतेहून सुट्या भागांत येत आणि इथे जोडल्या जात. माटुंग्याचा कारखाना १९१५ पासून जीआयपीचे डबे दुरुस्त करू लागला. महायुद्धात जहाजे मिळेनात, वाघिणींचा तुटवडा पडला, आणि रेल्वेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९२०-२१च्या ॲकवर्थ समितीपुढे व्यापाऱ्यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. बर्नपूरला इंडियन स्टॅंडर्ड वॅगन कंपनी १९१८ मध्ये निघाली आणि १९२४च्या पोलाद संरक्षण कायद्याने देशी वाघिणींना सरकारी अनुदान मिळाले. १९३० मध्ये मध्यवर्ती प्रमाणन कार्यालय स्थापन झाले, आणि कंपनीगणिक वेगळ्या अंगांचा काळ हळूहळू सरला.

स्वातंत्र्यानंतर भिलाई-राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यांनी ठोक मालाची मागणी केली तेव्हा चौचाकीचे दिवस भरले. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या काळात बॉक्स ही बोगीची उघडी वाघीण आली. तिला मध्यवर्ती कपलिंग होते, पण जुन्या डब्यांशी जोडता यावे म्हणून त्यातच जुना आकडाही अडकवण्याची सोय ठेवावी लागली. १९८०च्या दशकात बॉक्सएन या पुढच्या वाघिणीने हवेचा ब्रेक आणला. चार आसांवर ८१ टनांहून थोडे अधिक एकूण वजन, अठ्ठावन्न वाघिणींची एक रेक. अमेरिकेने १८९३ मध्ये कायद्याने पाडलेला पायंडा आपल्या मालगाडीत यायला जवळपास नव्वद वर्षे लागली.

कॅलथ्रॉपची पद्धत पुन्हा भेटते ती आपल्या दारात. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक वाढत गेली. कंटेनरला डबा नको, फक्त खालचा गाडा हवा, आणि तो शक्य तितका ठेंगणा. बीएलसी या वाघिणीची चाके ८४० मिलिमीटरची आहेत, बॉक्सएनची १००० मिलिमीटरची. तळ रुळापासून १००९ मिलिमीटरवर. त्यावर साडेनऊ फुटी कंटेनर ठेवला की उंची ३९०५ मिलिमीटर होते. एकावर एक असे दोन ठेवले तर ६८०१. पश्चिम मालवाहतूक मार्गिका दादरीपासून जेएनपीटीपर्यंत १५०६ किलोमीटर आखली, ती ७१०० मिलिमीटर उंचीचा माल तारेखालून जाईल अशा बेताने. इथेही आधी मर्यादा, मग रूळ, मग डबा. पनवेल-दिव्याच्या जुन्या मार्गाची तार मात्र खाली आहे, तिथून एकच थर जातो. आणि कोलाडहून १९९९ पासून कोकण रेल्वेवर ट्रक चढतात, भरलेले, चालकासह. सपाट वाघिणीवर अख्खे वाहन नेण्याची मॅनिफोल्डची कल्पना रायगड जिल्ह्यात नांदते आहे.

१९०३ च्या व्यवस्थेत चाक-आस समान आणि अंग वेगळे असे. न्हावा शेवाला आता नेमके उलट दिसते. अंग, म्हणजे कंटेनर, शांघायपासून रॉटरडॅमपर्यंत एकाच मापाचा, आणि खालची वाघीण देशागणिक वेगळी. अमेरिकेत दोन थर असले तरी गाडा खोलगट असतो आणि खालचा कंटेनर बोगींच्या मध्ये खाली बसतो. आपला रूळ रुंद असल्याने सपाट तळावरही दोन थर स्थिर राहतात, खोलगट गाड्याची गरज पडत नाही. आणि बोगींमधली जागाच नव्हे, वाघिणीची पूर्ण लांबी कंटेनरला मिळते. पहिल्या शंभर वर्षांत चौचाकी वाघिणींनी वाया घालवलेली ब्रॉडगेजची ती साडेनऊ इंच जास्तीची रुंदी इथे प्रथमच पुरेपूर कामाला आली आहे.